वालूरचा तिसरा सांधा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. पण चार म्हातारी माणसं रोज एकाच टेबलाखाली घुसायला लागली की ते आपोआप साचतात. आमच्यातला जो खाली जातो, तो कपड्यांना भुसा आणि सांगायला काहीतरी घेऊनच वर येतो.

हे टेबल वालूरला अण्णांच्या बैठकीत आहे, एस.टी. स्टँडच्या अगदी समोर. त्यावर सेलू ते परभणी अशी छोटी रेल्वे आहे, प्लायवूडवर मांडलेली. अण्णांची बायको, आमच्या काकू, गेल्या आणि अण्णांनी बोलणंच सोडलं, तेव्हा त्यांच्या मुलानं, महेशनं, पुण्याहून हे इंजिन आणि रूळ पाठवले. अण्णा शेतकरी, पण आता शेत बटईनं दिलेलं. सोबत मोटार रिवाइंडिंगवाले यूसुफभाई, एस.टी.चे रिटायर्ड ड्रायव्हर केरबा आणि गणिताचा मास्तर मी.

गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायची तर सांधा बदलावा लागतो. त्यासाठी एक छोटी मोटार टेबलाखाली बसवायची, तिची तार प्लायवूडच्या भोकातून वर काढायची आणि सांध्याच्या पट्टीत अडकवायची. मोटार हलली की तार हलते आणि तार हलली की सांधा. सांगायला इतकं सोपं! पहिले दोन सांधे बसवताना आमची कंबर गेली.

काकूंच्या वर्षश्राद्धाला महेश म्हणाला, "अण्णा, आता पुण्याला चला. इथं एकटे कामून राहता?"

अण्णा म्हणाले, "येतो की. तेवढा तिसरा सांधा बसू दे."

म्हणजे तिसरा सांधा बसला की अण्णा चालले. हे आम्हा तिघांनाही कळलं होतं.

*

पहिल्याच सांध्याला तारेचा प्रश्न फार छळला. सायकलची तार लावली तर ती इतकी ताठ, की सांध्याची पट्टीच उखडून आली. ब्रेकच्या वायरची एक लड काढून लावली, तर ती मऊ. मोटार हलायची आणि तार नुसतीच वाकायची.

शेवटी यूसुफभाईंनी कोपऱ्यातली अण्णांची छत्री उचलली, दांडीतली स्प्रिंगची तार उपसली आणि लावून पाहिली. सांधा कट्‌कन बसला. मग बाकीच्या सांध्यांसाठी, आणि एखादी तार मोडली तर असावी म्हणून, आम्ही पण आपापल्या छत्र्या आणल्या.

त्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाचीही छत्री उघडी राहीना. दांडी धरून एका हातानं छत्री वर ढकलत आम्ही चौघं रस्त्यानं जायचो. केरबाच्या बायकोनं विचारलं, "हे रेल्वेचं काम हाय का छत्र्यांचं?"

*

दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. वरचा म्हणायचा, "डावीकडं घे." खालचा उताणा झोपलेला, त्याचं डावं भलतीकडंच. एकदा यावरून अण्णा आणि केरबा दोन दिवस बोलत नव्हते.

मग ठरलं, डावं-उजवं बंद. एक बाजू जिंतूरकडची, दुसरी पाथरीकडची. त्यानंतर काम झकास चालू झालं. केरबा खाली, मी वर.

"अजून जिंतूरकडं. अजून थोडं. बास, बास! आता पाथरीकडं जाऊ नको."

दारात पिशवी घेतलेला एक माणूस बराच वेळ उभा होता. त्यानं अदबीनं विचारलं, "जिंतूरची गाडी इथून लागती का?"

केरबाची सारी नोकरी त्याच रस्त्यावर गेलेली. टेबलाखालूनच तो म्हणाला, "लागती. पण जागा न्हाई."

*

हा किस्सा हसायचा नाही. एका दुपारी अण्णा खाली होते आणि मी वर एकटाच. एरवी अण्णा काकूंचं नाव काढत नाहीत, आम्हीही काढत नाही. त्या दिवशी तार ओवता ओवता ते खालून बोलायला लागले. काकू आजारी असताना एकदा म्हणाल्या होत्या, की मी गेल्यावर तुमी कुणाशी भांडणार?

"मास्तर, तिला म्हणलं, भांडायला माणसं लय हायेत. पण खरं सांगू का, न्हाईत."

मी म्हणालो, "अण्णा, तार थोडी पाथरीकडं घ्या."

ते म्हणाले, "घेतो." मला आजही वाईट वाटतं, की मला तेवढंच बोलता आलं.

*

तिसऱ्या सांध्याची तऱ्हा अशी, की संध्याकाळी आम्ही तो बसवून जायचो. बटण दाबलं की इकडे, पुन्हा दाबलं की तिकडे. सकाळी येऊन बघावं तर सांधा ढिम्म. यूसुफभाई म्हणायचे, "लाकूड दमट झालं, जनाब." केरबाचा उंदरांवर संशय होता. मी कागदावर कोन मांडून दाखवायचो. अण्णा मात्र चहा ओतत म्हणायचे, "जाऊ द्या, पुन्यांदा बसवू."

असं कित्येक वेळा झालं.

*

मग गेल्या महिन्यात महेश गाडी घेऊनच आला. अण्णांची बॅग भरून त्यानं डिकीत ठेवली, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "आज मी स्वतः बसवतो, अन् मग निघू."

तो इंजिनिअर. टॉर्च घेऊन खाली गेला. आम्ही चौघं टेबलाभोवती उभे. यूसुफभाई स्टँडकडे बघत होते.

थोड्या वेळानं खालून आवाज आला, "अण्णा, तार चांगली हाय. मोटार बी चांगली हाय. हा तिचा स्क्रू कुणीतरी पेचकसानं ढिला केलाय."

अण्णांनी हातातलं इंजिन रुळावर ठेवलं, पुन्हा उचललं.

महेश बराच वेळ खालीच होता. स्क्रू आवळल्याचा आवाज काही आला नाही. मग तो बाहेर आला, शर्टावरचा भुसा झटकला आणि गाडीकडे गेला. डिकीतली बॅग काढून आणली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"अण्णा," तो म्हणाला, "लय नाजूक काम हाय हे. मला न्हाई जमलं. तुमी चौघं बसवा सावकाश."