तांब्याचं ठिगळ लावलेलं अंगुस्तान

डब्या जमवणाऱ्या माणसाकडे डब्या कमी आणि संताप जास्त जमतो, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते! माझ्या कपाटात चांदीच्या लहान डब्या आहेत एकोणतीस. आणि त्यांच्यापायी डोकं फिरल्याचे किस्से? ते ठेवायला दुसरं कपाट आणावं लागेल.

आमचं टोळकं तिघांचं. मी सुमन, म्हणजे चिखलीच्या मुलींच्या शाळेतली रिटायर्ड शिवणाची बाई. दुसरे इंगळे सर, ड्रॉइंगचे. तिसरे पाठक वकील. रविवारी दुपारी आम्ही गजूभाऊ सराफाच्या दुकानात बसतो. तो आम्हाला चहा पाजतो आणि आमच्या डोळ्यांदेखत लोकांची जुनी चांदी मोडीत घेऊन मुशीत वितळवतो. मैत्री पण त्याच्याशी आणि भांडण पण त्याच्याशीच!

आता माझं मूळ दुखणं सांगते. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात टोपी घालतात, ते अंगुस्तान. माझ्या आईचं चांदीचं होतं. वापरून वापरून टोकाला भोक पडलं, तेव्हा तिनं त्यावर तांब्याचं ठिगळ बसवून घेतलं होतं. आई गेली तेव्हा माझा मुलगा सहा महिन्यांचा. तेराव्यानंतर मी तिचा शिवणाचा डबा उघडला, तर अंगुस्तान नाही! मालतीवहिनी, म्हणजे माझ्या दादाची बायको, दारात उभी होती. मी सरळ म्हटलं, "मोडीत घातलंत ना?" ती काहीतरी सांगायला लागली, पण ऐकतंय कोण! "आजपासून माझ्याशी एक शब्द बोलू नका!" असं सुनावून मी जळगाव जामोदहून चिखलीची एसटी धरली.

याला पंचवीस वर्षं झाली. भाऊबीजेला जाते, दादाला ओवाळते, पण त्या घरात पाणी मागायचं तेही दादाकडेच. आणि कुठं जुनी चांदी दिसली की आधी बघते, ठिगळ दिसतंय का. मोडीत गेलं असं मीच म्हणते, पण मन म्हणतं, कुणीतरी वाचवलं असेल. डब्यांचा नाद मला त्या शोधातच लागला.

*

इंगळे सरांना मेहकरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी कुंकवाचा चांदीचा करंडा दिसला. झाकणावर कोरलेला मोर, पिसाऱ्याच्या रेघारेघांत जुना काळेपणा मुरलेला. सर वेडेच झाले. "येत्या रविवारी येतो, तोवर कोणाले देऊ नका," असं दहादा बजावून आले.

आठवडाभर त्यांना झोप नाही. आम्हाला मोराचं चित्र काढून काढून दाखवत होते.

रविवारी गेले. घरधन्यानं पाटावर करंडा ठेवला. आरशासारखा चकचकीत!

"सर, तुमी येणार म्हणून माह्या मायनं तीन दिवस घासला. चिंच, राख, विटकरीची भुकटी, काई सोडलं नाई. पाहा कसा लखलख करून राह्यला!"

सरांनी झाकण उजेडात धरून उलटंपालटं केलं. कसंबसं विचारलं, "आणि मोर?"

आतून म्हातारीच उत्तरली, "मोर नोयता जी तो, मळ होता. निंगाला एकदाचा!"

*

एका शाळेनं माझ्या वस्तूंचं प्रदर्शन ठेवलं. मी रात्रंदिवस खपून चिठ्ठ्या लिहिल्या: चुन्याची डबी, काजळाची डबी, सुया ठेवायची नळी, कानकोरणं. खाली ठळक अक्षरांत, "हात लावू नये".

प्रमुख पाहुणे आले. गळ्यात हार, मागे दहा माणसं. प्रत्येक वस्तूपाशी थांबून एकच प्रश्न, "वजन किती याचं?" मी दात-ओठ खात सांगत होते, वजनासाठी नाही ठेवलं हे, कारागिरी बघा.

मग साहेब कानकोरण्यापाशी आले. उचललं. मी "अहो" म्हणेपर्यंत कानात घातलंसुद्धा! डोळे मिटले, मान वाकडी केली, आणि दोन मिनिटं सगळी शाळा त्यांच्या तोंडाकडे बघत उभी.

"साहेब, फार जुनी वस्तू आहे ती!" मी ओरडलेच.

"म्हणूनच!" साहेब डोळे न उघडता म्हणाले. "आताच्याले असा बाक कुठं राह्यते, मॅडम?"

आभारप्रदर्शनात माझ्या कारागिरीच्या जाणकारीचं कौतुक झालं. साहेबांच्या कानाचं कुणी नाव काढलं नाही.

*

पाठक वकिलांकडे एक गोल डबी होती. झाकण जाम बसलेलं, आणि हलवली की आत काहीतरी वाजायचं. वकिलांनी ती उघडायची नाही असा नियमच केला. "आत काय आहे हे माहीत नाही, यातच तिची किंमत आहे," म्हणायचे. इंगळे सर म्हणायचे मोती असेल. मी म्हणायची दुधाचा दात. तीन वर्षं यावर वाद घालून आम्ही गजूभाऊचा किती चहा संपवला असेल!

एका रविवारी वकील लालबुंद होऊन दुकानात शिरले. बसलेच नाहीत.

"बायकोनं उघडली! केसातल्या आकड्यानं!"

"मग? मोती?"

"गुंडी! चांदीची, फुलाच्या आकाराची, हातानं घडवलेली गुंडी!"

"अहो मग छान झालं की! आहे कुठं?"

वकिलांनी काळ्या कोटाच्या पोटावर बोट ठेवलं. बाकीच्या गुंड्या काळ्या प्लास्टिकच्या आणि मधोमध ही चमकतेय!

"मी केवढा ओरडलो, तर म्हणते कशी, तीन वर्षांपासून कोट पोटावर उघडा घालून कोर्टात जाता, ते दिसलं नाही का तुम्हाला?"

*

माझीही एकदा चांगली जिरली. हिवरा आश्रमाहून मेहकरला येताना एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती. कमरेची पिशवी सोडून तिनं चुन्याची डबी काढली. चांदीची! झाकणाला इवलीशी साखळी. माझा हात शिवशिवला.

"आजी, बघू का जरा?"

"पाह्य न बाई. चुना पायजे का?"

मी डबी उलटीपालटी करून पाहिली. मग भीतभीत विचारलं, "ही मला द्याल का? म्हणाल ते देईन."

"मंग मी चुना कायच्यात ठेवू?"

मी लगेच माझ्या पर्समधली स्टीलची डबी काढली. आतल्या लवंगा रुमालात ओतल्या आणि डबी तिच्या हातात दिली. म्हातारीनं ती उघडली, लावली, पुन्हा उघडली. "झाकण ढिलं हाय व हिचं," म्हणाली आणि परत केली.

मी तरी सोडते का! "आजी, नातवंडं मोडीत घालतील हो ही डबी. माझ्याकडे नीट राहील. माझा नंबर लिहून ठेवा."

म्हातारीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मरू तं दे माय मले! एवढी घाई कायची झाली तुले?"

मेहकर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

*

पण खरा डोक्यात जाणारा प्रकार मागच्या दिवाळीआधीचा. एक जोडपं दुकानात आलं. आजीची सुया ठेवायची चांदीची नळी मोडीत घालून त्यांना नाणं पाडून हवं होतं. नाण्यावर काय? आजीचा फोटो आणि खाली "आजीची आठवण"!

मी उभीच राहिले. "अहो, आजीची आठवण तर तुमच्या हातात आहे! ती वितळवून तिचीच आठवण करताय?"

नवरा म्हणाला, "फ्रेममधी लावाले बरं पडते, मॅडम."

ते गेल्यावर मी गजूभाऊवर घसरले. तो शांतपणे नळी तोलत म्हणाला, "ताई, आमचे बापू असते तं तुमच्याच बाजूनं बोलले असते." त्याच्या वडिलांची एक रीत होती म्हणे. बाईच्या हातात रोज फिरलेली वस्तू मोडीत आली की ते ती मुशीत टाकायचे नाहीत. कागदात बांधून, वर नाव लिहून सव्वा महिना बाजूला ठेवायचे. "बाई वापस येते रे," म्हणायचे.

"मग तू काऊन ठेवत नाहीस?"

"कोणी येतच नाई आता."

*

या मार्चमध्ये गजूभाऊनं दुकानात नवं फर्निचर केलं. बापूंचं जुनं लाकडी काउंटर हलवलं, तर मागून पत्र्याचा डबा निघाला. आत कागदाच्या तीन पुड्या.

"सव्वा महिना झाल्यावरही हे मुशीत टाकाले बापूचा हात धजला नाई वाटते," गजूभाऊ म्हणाला. रविवारच होता. आम्ही तिघं डब्यावर तुटून पडलो.

पहिल्या पुडीत काजळाची डबी. दुसऱ्या पुडीत अडकित्ता. माझं तोंड सुरूच! "कसल्या बायका असतात एकेक! आईनं दिलेलं मोडीत घालतात आणि सव्वा महिन्यात एकदाही आठवण येत नाही!"

गजूभाऊनं तिसरी पुडी सोडली. अंगुस्तान! टोकाला तांब्याचं ठिगळ!

मी झडप घालून ते बोटात घातलं. पण तोंड थांबलं नाही. मी कागद पाठक वकिलांच्या हातात कोंबला. "वाचा! मोठ्यानं वाचा! मालतीवहिनीचं नाव असणार! पंचवीस वर्षं खोटी ठरवत होते ना सगळे मला?"

वकिलांनी कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"सुमनबाई, शिवणाच्या मास्तरीण, चिखली," ते हळूच म्हणाले. "बाळाचे वाळे."

मुलाच्या बारशाला आईनं रुमालाची पुरचुंडी दिली होती. "तुटकी चांदी हाय, बाळाले वाळे कर," म्हणाली होती. मी ती न सोडता बापूंच्या हातात दिली होती. गाठसुद्धा त्यांनीच सोडली; तयार वाळे आणायलाही मी शाळेच्या शिपायाला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी जळगाव जामोदला गेले. वहिनी अंगणात तूर पाखडत होती. मी अंगुस्तान तिच्या सुपात ठेवलं.

तिनं ते उचललं, पदरानं पुसलं. "सापडलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. आईनं माह्यासमोरच रुमालात बांधलं होतं. चांदी वाळ्याले अन् अंगुस्तान तुमाले. पोरगी उघडून पाहीनच, म्हणल्या."

मला रडू आवरेना आणि राग पण आवरेना. "मग पंचवीस वर्षं सांगितलं काऊन नाही?"

वहिनी उठली. आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला.

"तुमीच तं म्हटलं होतं, ताई, माझ्याशी एक शब्द बोलू नका!"