सनदेआधीचा सौदा

संक्रांतीनंतरचा सोमवार, कराड कोर्टातली वकिलांची बार रूम. हजर: अध्यक्ष दादासाहेब, सेक्रेटरी म्हणजे मी, माझ्या ऑफिसात काम शिकणारी रूपाली, आणि दाराबाहेर घोंगडी अंथरून बसलेले तिचे वडील बिरूअण्णा. विषय एकच. रूपालीचा सनदेचा अर्ज शेरा मारून परत आला होता.

सनद म्हणजे वकिलीचा परवाना. त्याला फी लागते, वर स्टॅम्प ड्यूटी. पुढं प्रत्येक वकीलपत्रावर वेल्फेअरचं, म्हणजे वकील कल्याण निधीचं तिकीट, दरवर्षी प्रोफेशन टॅक्स. मी हे समजावलं तेव्हा बिरूअण्णा म्हणाले होते, "म्हंजी वकील व्हायलाबी पट्टी आन ऱ्हायलाबी पट्टी?" पण फी त्यांनी भरली होती. अडलं होतं वेगळंच.

दुसरा धंदा करत नाही, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. रूपालीनं लिहिलं होतं: करते. मेंढरं बसवण्याचे सौदे मीच ठरवते.

ही माणसं माणदेशातली. हिवाळ्यात कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात. ऊस तुटलेल्या रानात रात्री मेंढरं बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, यांना धान्य आणि रोख. बिरूअण्णा स्वभावानं मवाळ, शेतकरी म्हणेल त्याला मान डोलावणारे. रूपाली सौद्यात बोलायला लागली तेव्हापासून घरात चार पैसे दिसले.

दादासाहेब वैतागले. "अगं, 'नाही' लिहून मोकळं व्हायचं. मेंढरांमागं कोण येतंय तपासायला?"

"सर, निम्म्या तालुक्याशी मी भाव केलाय. खोटं लिहिलं तर बांधाबांधावर साक्षीदार उभा राहील."

दादासाहेबांना हसू आवरलं नाही. मी नियम काढला. वडिलोपार्जित धंद्यात वकिलाचा वाटा असू शकतो. कारभार मात्र स्वतः बघायचा नाही.

"म्हणजे मेंढरं राहू देत," मी म्हटलं, "सौदा दुसऱ्यानं करायचा."

दाराबाहेरून बिरूअण्णांचा आवाज आला. "आवं म्याडम, त्योच तर मला जमत न्हाई. सौदा गेला तर खायाचं काय?"

रूपाली म्हणाली, "आई करंल."

"तुजी आय? परक्या गड्याम्होरं तिनं कवा त्वांड उघडलंय?"

सौदे आई करते असं दुरुस्त प्रतिज्ञापत्रात लिहायचं, तर ते आधी खरं व्हायला हवं. म्हणून त्याच संध्याकाळी मी त्यांचा कळप उतरला होता त्या वाडीच्या रानात गेले. शेतमालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी सवयीनं रूपालीलाच विचारलं, "बोल पोरी, काय घेणार रातीचं?"

रूपालीनं आईकडं बोट दाखवलं.

"काय गं, वाचा बसली व्हय?"

"काका, आता मला बोलता येत न्हाई. नियम हाय."

सुभेदारांनी हसत भाव सांगितला. कमी होता. बिरूअण्णांची मान डोलायला लागली. रूपालीनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. तिच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसत होतं. तिनं ते गिळलं. आई पदर सारखा करत खाली बघत उभी. मेंढरं ओरडत होती, कुत्रं भुंकत होतं, आणि ती पोरगी हलली नाही. इतक्या वर्षांत कोर्टात मी पुष्कळ बोलणं ऐकलंय. असं गप्प बसणं पाहिलं नव्हतं.

मग आईनं मान वर केली.

"सुभेदार, मागच्या साली ऊस दोन पुरुष वाढला म्हनून गावभर सांगत हुता न्हवं? त्यो काय फौजेच्या पेन्शनीवर वाढला?"

आईनं भाव सांगितला. रूपाली मागायची त्याच्याही वरचा. थोडी ओढाताण झाली, पण ठरला. बिरूअण्णा माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "म्याडम, हिलाबी सनद घ्याची का?"

पुढच्या खेपेला अर्ज मंजूर झाला. फी सगळेच भरतात, पावतीही मिळते. वकील बोलण्याचे पैसे घेतो. रूपालीनं सनदेसाठी गप्प बसणं भरलं, आणि त्याची पावती कुठंच नाही.

आता ती काळा कोट घालून माझ्याशेजारी बसते. प्रोफेशन टॅक्सची नोंदणी झाली, वेल्फेअरची तिकिटं आणली. माझ्या यादीतलं एकच काम राहिलंय. तिनं विचारलंय, "मॅडम, सौदा न करता रविवारी नुसतं मेंढरांमागं चाललं तर तो कारभार होतो का?" नियमात मला उत्तर सापडलं नाही. वर, सनद देणाऱ्यांना पत्र लिहून विचारायचं आहे. अजून लिहिलेलं नाही. उत्तर 'होतो' असं आलं तर, या भीतीनं.