तीनदा वाकून तीन पावलं मागं

नव्वदच्या दशकात एम.ए. करता करता मी दर रविवारी बारामतीच्या एका कॉलेजात जपानी शिकवायला जायचो. तिथले शिपाईमामा पाण्याचा जग भरून ठेवायचे आणि शेवटच्या बाकावर मांडी घालून बसायचे. माझ्या दर वाक्याला त्यांची मान डोलायची. "हे बेस हाय, सर."

एका रविवारी मी तयारी न करताच गेलो आणि वेळ काढायला चक्क थाप मारली, की जपानात पाहुण्यापुढं तीनदा वाकतात आणि दर वेळी एक पाऊल मागं सरकतात. मामांनी वर्षभर प्राचार्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना तसाच नमस्कार घातला.

मग कॉलेजात जपानवर सेमिनार ठरला आणि खरेखुरे जपानी प्राध्यापक आले. थाप उघडी पडली असती तर माझा वर्गच गेला असता. मामा वाकत मागं सरकले. पाहुणे एकदाच वाकून थांबले. मामा माझ्या कानात म्हणाले, "ह्यांला पुरतं येत न्हाय वाटतं. मी दावतो, तुमी गप ऱ्हावा."

मी बाजूला सरकलो. पाहुणे भलतेच सभ्य होते. बघून बघून ते शिकले आणि तिसऱ्या नमस्काराला दाराबाहेर व्हरांड्यात पोचले.

"राखली का न्हाय तुमची अब्रू?" मामा म्हणाले.

परवा इंदापूर स्टँडवर मामा दिसले, आता पार थकलेले. आज कबूल करायचंच, असं ठरवून मी पुढं झालो. मामा वाकले. मीही वाकलो. तिसऱ्या नमस्काराला आमच्यात सहा पावलं जास्तीची पडली होती, आणि त्या जागेत पुण्याची एसटी येऊन उभी राहिली.