वकीलसाहेबांची हरकत

उजवा हात डोक्याच्या वर, बोटं ताठ, आणि "हरकत आहे!" मंडळाच्या प्रत्येक बैठकीत वकीलसाहेबांचं हे ठरलेलं. गणपतीमागच्या पडद्याच्या रंगालाही त्यांची हरकत असायची. तुम्हीही वैतागला असता.

अबुधाबीतल्या एका कंपनीत ते कायद्याचं काम बघायचे. अल रीम बेटावर आमच्याच मजल्यावर राहायचे आणि लिफ्टमध्ये गाठून एका अमेरिकन वकिलाबद्दल सांगायचे. एकोणिसाव्या शतकातला, खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा, पुढे लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आलेला. त्याचं चरित्र मंडळात सांगायचं, हा त्यांचा ध्यास. दर गणपतीत वेळ मागायचे, दर गणपतीत फॅन्सी ड्रेस आडवा यायचा. शेवटी एकदा जेवणानंतरची वेळ मिळाली. त्यांनी नवा झब्बा शिवून घेतला.

पंगत बसली. मोदक वळले होते मालवणच्या मावशींनी. आमच्यातल्याच एकांकडे त्या घरकामाला. त्यांचं ताट मात्र नव्हतं. दरवर्षी त्या मागून, पँट्रीत जेवायच्या. त्यांच्या हातचं बाप्पाला चालतं, पण त्या शेजारी बसलेल्या आम्हाला चालत नाहीत! आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हात वर गेला. "हरकत आहे! मावशींचं ताट माझ्या शेजारी मांडा."

"साहेब, हे कोर्ट नाही," अध्यक्ष म्हणाले. "यल्ला, चला, जेवून घ्या."

"मग मीही पँट्रीत जेवतो."

"जा. मग तुमचं भाषणही कॅन्सल. खलास!"

ते ताट उचलून आत गेले, आणि आम्ही वाढायला घेतलं. मी तूप आणायला पँट्रीत गेले, तर तिथे भाषण रंगात आलेलं. ऐकायला एकट्या मावशी, खोक्यावर बसून.

"गुलामगिरीविरुद्ध तो सभागृहात बोलला, आणि पुन्हा निवडून आला नाही. चर्चमध्ये तो बसला की बाकावरचे लोक उठून जायचे."

"मगे? तो काय करी?"

"पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकावर बसायचा."

पुढे त्यांची नोकरी गेली, व्हिसा संपला, ते पुण्याला परतले. मंडळाने साधा निरोपसमारंभ केला नाही. कसले सुशिक्षित आम्ही!

यंदा पंगत बसली, तेव्हा मावशी स्वतःचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि वकीलसाहेबांच्या जागी बसल्या. शेजारचे दोघे उठून गेले. मावशी हलल्या नाहीत. अध्यक्ष काही बोलणार, तोच पिठाने माखलेला उजवा हात डोक्याच्या वर गेला, बोटं ताठ.

"हरकत आसा कोणाची?"