माझ्या पायाचा आकडा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी डावी मांडी पार वाळून गेली होती. धानाच्या बांधीत उतरायचं तर चिखलात रुतलेला पाय उपसावा लागतो, आणि तेवढी ताकदच मांडीत उरली नव्हती. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, चार महिने होते. लग्न होऊन आल्यापासून एकही रोवणी मी चुकवली नव्हती. बाकीच्या बाया रोवताहेत आणि मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून त्यांना चहा देते आहे, या विचारानंच मला रडू यायचं.

भंडाऱ्याला फिजिओथेरपी करणारी पोरगी तुमसरची. गुडघ्याला जड वजन चालणार नव्हतं, म्हणून ती मांडीवर हवेचा पट्टा आवळून रक्त थोडं अडवायची आणि हलक्याच वजनानं पाय उचलायला लावायची. तेवढ्यानंही मांडी थरथरायची. पण हे आठवड्यातून दोनदाच. मला कुठला दम! मी घरीच सुरू केलं. पट्टा नव्हता, दुपट्टा होता. साप चावला की वर करकचून बांधायचं, हे आमच्याकडे लहानपणीच शिकवलेलं. तस्संच बांधलं आणि पाय उचलत बसले. बोटं काळीनिळी झाली, पाऊल बधिर झालं, उठायला गेले तर मोरीच्या दारात आपटले. नवरा धावत आला, तर त्याच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी पोरीनं मांडीवरचा वळ पाहिला.

"काकू, हे कायले केलं?"

"सापाले बांधतो तसं बांधलं. जितकं घट्ट, तितका लवकर गुण."

"सापालेही आता असं बांधत नाही! पाय गेला असता तुमचा."

मी तोंड फुगवून बसले. चूक माझी होती, म्हणून राग जास्त.

आठवडाभर तिनं व्यायाम बंद ठेवला. मग मला झोपवून घोट्याच्या आतल्या बाजूला पेनासारखं यंत्र टेकवलं. पहिल्या दिवशीही हे केलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं. यंत्रातून आवाज यायला लागला. फूस, फूस, फूस.

"हे तुमचं रगत चालून राहिलं. आयका आता."

ती पट्ट्यात हवा भरत गेली. आवाज बारीक झाला आणि थांबला. तिनं आकडा लिहून घेतला, लगेच हवा सोडली, आवाज परत आला.

"इथं बंद होते. आपल्याले याच्या निम्माच दाब पाह्यजे. माहा आकडा तुमाले चालत नाही, आन् तुमच्या उजव्या पायाचा डाव्याले चालत नाही."

महिन्याभरानं तिनं पुन्हा मोजलं. आकडा वाढला होता. मी घाबरले.

"भेता काहून? मांडी भरून राहिली, काकू. भरल्या मांडीले दाब जास्त लागते."

तिथंच, त्या खाटेवर, मी रडले. माझ्यासारख्या हट्टी बाईला एका शब्दानंही टाकून न बोलता तिनं दर खेपेला वाकून तो आवाज शोधला होता.

रोवणीच्या पहिल्या दिवशी शेजारणीनं हात पुढे केला. मी तो धरला नाही. डावा पाय पोटरीपर्यंत रुतला. मी श्वास रोखला आणि उपसला.

दुपारी चिखलाच्याच हातानं त्या फिजिओथेरपीच्या पोरीला फोन लावला. खूप काही बोलायचं ठरवलं होतं. "पोरी, पाय निघाला," एवढंच म्हणता आलं.