गप्प पोरांचा सर्वे

इंदूचा श्वास थांबला तेव्हा जीपचं मागचं चाक नाल्याच्या वाळूत रुतलेलं होतं. चाक जागच्या जागी फिरत होतं आणि वाळू मागं उडत होती. पोरगी माझ्या मांडीवर होती. दीड वर्षाची. ओठ जांभळे पडलेले. मी छातीला कान लावला. काळीज चालू होतं, श्वास नव्हता.

मी तिचं नाक आणि तोंड एकदमच माझ्या तोंडात घेतलं आणि फुंकर घातली. गालात मावेल एवढीच. जास्त जोर केला तर लहान पोराची छाती फुटते. जन्मल्यावर जे पोर रडत नाही त्याला आम्ही दाया अशीच फुंकर देतो. छाती वर आली, खाली गेली. मी पुन्हा फुंकलं.

"काय झालं?" पुढच्या सीटवरून साहेब ओरडले.

"उतरा साहेब, अन् गाडी ढकला!"

साहेबाला मी दिलेला तो पहिला हुकूम. ते बुटांसकट पाण्यात उतरले.

हे साहेब म्हणजे आमचे बीडीओ. ब्लॉकचा मोठा अधिकारी. पुण्याकडचे. आमची वऱ्हाडी बोली कानावर पडली की त्यांना हसू यायचं, पण माणूस वाईट नव्हता. महाराष्ट्र नवा होता. जिल्हा परिषद नवी होती. सगळंच नवं उघडायचं चाललं होतं. त्यात खेड्यांमध्ये आया आणि लहान पोरांसाठी केंद्रं काढायची ठरली. पोरांना दूध द्यायचं, वजन करायचं, आई शेतात गेली की पोर सांभाळायचं. आम्ही सगळे त्याला सेंटर म्हणायचो. मोताळ्याकडची पाच गावं नेमून दिली होती आणि सेंटर मिळणार होती दोन. कोणत्या दोन गावांना द्यायची, ते ठरवायला सर्वे.

मी चौथी पास. ब्लॉकमध्ये दाई होते. नवरा गेल्यावर आईनं शिकवलेलं बाळंतपणाचं काम करत होते, मग सरकारनं ट्रेनिंग दिलं, एक पेटी दिली आणि नोकरीत घेतलं. सर्वेला मला नेलं ते हुशार म्हणून नाही. परक्या पुरुषाला घरात बायांजवळ जाता येत नाही म्हणून. साहेब अंगणात बसायचे, मी आत जायची आणि बाहेर येऊन सांगायची. ते फॉर्मवर पेन्सिलीनं लिहायचे.

फॉर्मवर प्रश्न होते. पोर आजारी आहे का? फार रडतं का? आई कामावर गेल्यावर त्याचे हाल होतात का?

पहिल्या चार गावांत लिहून लिहून साहेबांची पेन्सिल झिजली. नाकं वाहतायत, डोळे आलेत. एक पोर खाटेच्या पायाला लुगड्यानं बांधलेलं. एक चुलीशी रांगत गेलेलं. जिकडं तिकडं रडारड. जीप दिसली की उघडी पोरं मागं धावायची.

पाचव्या गावात जीपमागं कोणी धावलं नाही. गावाचं नाव मी सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच नांदतात.

कापूस वेचणीचे दिवस होते. बाया शेतात. अंगणं सारवलेली, म्हाताऱ्या धुतलेली लुगडी नेसून दारात बसलेल्या. आणि गावात एका पोराचा आवाज नाही. मी पहिल्या घरात गेले, पोर झोपलेलं. दुसऱ्या घरात, झोपलेलं. सकाळचे दहा वाजले होते.

"व्वा!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात शिस्त."

सरपंच खूश झाला. त्यानं चहा मागवला.

तिसरं घर ठकूबाईचं. सून गंगू वेचणीला गेलेली. नात इंदू गोधडीवर पडलेली. तिच्या पापणीवर माशी बसली. माशी पापणीवरून ओठावर गेली, ओठावरून नाकात शिरायला लागली, तरी पोरगी हलली नाही. मी तिची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. मी पोरीला दारातल्या उजेडात आणलं, मग अंधारात नेलं. बाहुली तेवढीच. चिमटा घेतला. काही नाही.

"काय चाटवलं व ठकूबाई?"

"काही नाही चाटवलं. लेकरू झोपलं हाय."

"आफू किती देली?"

"तू दाई हायस का पोलीस? तुले कायले पायजे?"

आता अफूचं सांगते. आमच्याकडं वेचणीला बाई उजाडायच्या आत निघते. दव असतं तोवर कापूस स्वच्छ निघतो. ऊन चढलं की वाळकी पानं चुरतात आणि कापसाला चिकटतात, मग मालक बोलतो. तान्हं पोर पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, नेता येत नाही. ते म्हातारीजवळ राहतं. म्हातारीला पाणी, शेण, भाकरी सगळं पडलेलं असतं. म्हणून पोराला अफूचं बोट चाटवायचं. आई येईतो पोर झोपतं. सरकारनं अफूची दुकानं बंद केली होती, पण म्हाताऱ्यांच्या डब्या बंद झाल्या नव्हत्या. यात कोणाला पाप वाटत नव्हतं. मला माझ्या आईनं चाटवली. मी माझ्या थोरल्याला चाटवली. तो सात महिन्यांचा असताना झोपेतून उठलाच नाही. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली. पुढं ट्रेनिंगमध्ये डॉक्टरीणबाईंनी अफूचं समजावून सांगितलं, तेव्हा मला कळलं ती कोणाची दृष्ट होती.

मी इंदूला उचलून अंगणात आणलं. साहेब खाटेवर बसून लिहीत होते. लिहिलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं, "मुले निरोगी व शांत. केंद्राची गरज नाही."

"साहेब, हे लेकरू मरून राह्यलं."

"दाईबाई, झोपलेलं मूल म्हणजे आजारी मूल नव्हे."

मी पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मग जागं करून दाखवा."

त्यांनी आधी हसत तिचा गाल थोपटला. मग नावानं हाक मारली. मग खांदे हलवले. मान इकडून तिकडं लोळली. कप लवंडला आणि चहा फॉर्मवर सांडला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण मी त्यांच्या बाजूनं एवढं सांगते, त्यानंतर त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. "रहीमभाई, गाडी काढा!" एवढंच म्हणाले.

सरकारी दवाखाना धामणगाव बढ्याला. रहीमभाई ड्रायव्हर, मी, पोरगी, साहेब. ठकूबाईही बोंबलत मागं चढली. वाटेत नाला लागला आणि चाक रुतलं.

तर साहेब पाण्यात उतरून ढकलत होते आणि मी फुंकत होते. जीप हलेना. काठावरच्या पऱ्हाटीत बाया वेचत होत्या. कमरेला बांधलेल्या ओट्या कापसानं फुगलेल्या. सरकारी गाडी अडकलेली पाहून त्या आधी हसल्या. "ढकला हो साहेब, रोटी खाल्ली नाही का सकायी?" एकीनं टोमणा मारला. मग त्यांतल्या गंगूनं सासूला ओळखलं. ओटी तिथंच सोडून ती पळत आली.

"काय झालं माय पोरीले? काय झालं व आत्याबाई?"

"उठूनच नाही राह्यली," ठकूबाई म्हणाली.

"मी तर सकायीच चाटवून गेलती तिले!"

ठकूबाईनं तोंडावर हात ठेवला. "मीबी चाटवली. कोतवालानं दवंडी देली ना काल. साहेब येऊन राह्यले, पोरं रडली नाही पायजेत म्हणून."

साहेबांनी ते ऐकलं. ढकलायचं थांबवून ते गुडघाभर पाण्यात नुसते उभे राहिले. सरपंचाला आमच्या येण्याची चिठ्ठी त्यांनीच पाठवली होती. गाव नीटनेटकं असावं, असं त्या चिठ्ठीत होतं. पोरांचं काही नव्हतं. ते सरपंचानं आपल्या मनानं घातलं.

"साहेब, मागून विचार करा!" मी ओरडले. "आधी ढकला!"

बायांनी कापूस भरायची गोणपाटं आणून चाकाखाली घातली. दहा-बारा बाया, साहेब, ठकूबाई, सगळ्यांनी खांदे लावले. रहीमभाईनं गिअर टाकला. जीप उसळून वर आली आणि सगळे चिखलानं माखले. गंगू धावत्या गाडीत चढली.

"बाई, तुम फूँको, मैं गाडी उडाता हूँ!" रहीमभाई म्हणाला. त्यानं खरंच उडवली. दर खड्ड्याला माझे दात पोरीच्या नाकावर आपटत होते. तिच्या नाकावरचा वळ पुढं आठ दिवस होता.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं नळी घालून पोट धुतलं. पोटात होतं तेवढं निघालं, रक्तात गेलेलं कुठून निघणार? "आता हिला झोपू द्यायचं नाही," तो म्हणाला. "श्वास थांबला की तुम्ही करताय तेच करा. आणि मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा."

घड्याळ फक्त साहेबांच्या हातात होतं. ते घड्याळ पाहायचे, मी श्वास मोजायची. दुपारी मिनिटाला सहा. गंगू तळव्यांवर टिचक्या मारत होती, ठकूबाई ओल्या फडक्यानं तोंड पुसत होती. दोघी एकमेकींकडं पाहत नव्हत्या. दोनदा श्वास थांबला, दोनदा मी फुंकला. मग नऊ झाले. मग बारा. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झाली.

श्वास बारावर आल्यावर साहेबांनी खिशातून फॉर्म काढला. चहाचा डाग वाळला होता.

"दाईबाई, मग विचारायचं काय होतं?"

मला कोणी साहेबानं असं कधी विचारलं नव्हतं. माझ्या अंगात वारं शिरलं. बंबाजवळचा कोळसा घेतला आणि ओसरीच्या फरशीवर गावच काढलं. ही चावडी, ही विहीर, ही शेताची वाट.

"पोर दिवसा किती झोपतं, ते विचारा. आई घरातून कधी निघते, ते विचारा."

"सेंटरची वेळ अकरा ते पाच आहे."

"अकराला बाईच्या दोन ओट्या भरून झालेल्या असतात. पोराला पहाटेच चाटवलेलं असतं. कोंबडं आरवलं की दार उघडं पायजे."

"सरपंच चावडीशेजारची खोली देतोय. चांगली आहे."

"चावडीवर सासरे बसतात. सुना त्या वाटेनं जातच नाहीत. पोर घेऊन तर नाहीच. सेंटर इथं पायजे." मी शेताच्या वाटेवर फुली मारली. "जाता जाता पोर ठेवायचं, येता येता न्यायचं."

"इथं तर गोठा आहे."

"मग गोठा सारवू."

"हे नियमात बसत नाही. शिवाय पहाटे सेविका म्हणून येणार कोण?"

"मी येईन. अन् ही पोरगी बसली का तुमच्या नियमात?"

साहेब हसले. चहा सांडल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी खोडरबर काढला आणि 'केंद्राची गरज नाही' यातला 'नाही' खोडला. मग बराच वेळ आम्ही दोघं उकिडवे बसून फरशीवर भांडलो. पाळणे किती, पाणी कुठून, दूध कोण तापवणार. साहेबांची पँट कोळशानं काळी झाली. मला इतकी मजा नोकरीत पुन्हा फारशी आली नाही.

दिवस मावळायला इंदू रडली. इतकी कर्कश, की डॉक्टर आतून म्हणाला, "अहो, कोणीतरी गप्प करा तिला." कोणी जागचं हललं नाही.

मागच्या चार गावांत आम्ही नवा प्रश्न घेऊन पुन्हा फिरलो. झोपलेली पोरं तिथंही निघाली, आधी ती कोणी पाहिली नव्हती इतकंच. तरी या गावाचं नाव लिस्टमध्ये आलं आणि दुसऱ्या एका गावाचं गेलं. त्या गावच्या बायांनी मला पुढं बरीच वर्षं शिव्या दिल्या. त्यांचं चुकत नव्हतं.

पुढच्या वेचणीच्या आत सेंटर उघडलं. शेताच्या वाटेवर, सरपंचाच्या गोठ्यात. गोठा द्यायला त्यानं कुरकुर केली नाही. दवंडीतलं पोरांचं त्यानंच घातलं होतं, हे सगळ्या गावाला कळलं होतं. माझी अट एकच. पोर जागं आणायचं, झोपलेलं घेणार नाही. दारात कंदील धरून मी एकेकाची पापणी वर करून पाहायची. बाया चिडायच्या. "काऊन व? बैलाचे दात पाहून राह्यली का बजारात?" एक म्हणाली. तिचं पोर मी परत पाठवलं. ती दुसऱ्या दिवशी जागं पोर घेऊन आली. जागी पोरं रडतात. पंधरा दिवसांत गोठ्यात इतका गोंगाट झाला की चावडीवरच्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली. साहेब चौकशीला आले. त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येईना. फॉर्मवर त्यांनी लिहिलं, "काम समाधानकारक."

मी त्या कामात म्हातारी झाले. पुढं पुष्कळ सर्वे पाहिले. शिकलेली माणसं येतात आणि रडणारी पोरं मोजून जातात. माझं म्हणणं एवढंच, आधी गप्प पोरांपाशी जा. आणि जायच्या आधी गावाला कळवू नका.

ठकूबाई पुढं माझ्याशी कधी बोलली नाही. तिच्या लेखी मी तिला चारचौघांत चोर ठरवलं होतं. पण धाकटे नातू झाले तेव्हा पहाटे त्यांना सेंटरच्या दारात तीच आणून ठेवायची. जागे. पापणी मी वर करायच्या आधी ती स्वतःच करून दाखवायची.

इंदू जगली. तिच्या पाठचे दोघेही जगले.