पाचारण, आर्वीमार्गे

आर्वीच्या एसटी डेपोत बससमोर उभं राहून, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून मी डोळे मिटून प्रार्थना केली आणि डोळे उघडले तेव्हा बस गेली होती. प्रार्थना जरा लांबली, हे मान्य. ड्रायव्हरपासून सुरुवात करून मी टायरपर्यंत पोचलो होतो.

निवृत्तीनंतर मी नगरहून नागपूरला लेकीकडे राहायला आलो आणि तिथं एका पहाटे मला पाचारण झालं. (देव माणसाला त्याच्या नेमक्या कामासाठी बोलावतो, त्याला आम्ही ख्रिस्ती लोक पाचारण म्हणतो.) छातीत काहीतरी ऊन ऊन दाटून आलं. बायकोच्या मते ते पित्त होतं. माझ्या मते देव मला उपदेशक होण्यासाठी बोलावत होता. ओळखीच्या पाळकसाहेबांनी बरेच दिवस माझं ऐकून घेतलं आणि शेवटी आर्वीपलीकडचं एक खेडं सुचवलं. तिथल्या मंडळीला (चर्चच्या सभासदांना) रविवारी वचन सांगायला कोणी नव्हतं. "जाऊन बघा," ते म्हणाले, "त्यांना सोसलं तर पुढचं ठरवू."

म्हणून अंधारातच निघालो. पुलगावला उतरून तर्रीपोहे (पोह्यांवर लालभडक रस्सा) खाल्ले. पोहेवाल्यानं माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून न सांगताच साखर पुढे केली. आर्वीपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

डेपोबाहेर एक मोटारसायकलवाले थांबले. गजभिये सर, तिकडच्याच शाळेत गणित शिकवणारे. ते "जय भीम" म्हणाले, मी "जय ख्रिस्त" म्हणालो आणि मागे बसलो.

"कोनाकडे चालले?"

"उपदेश करायला. देवानं बोलावलंय."

सरांनी खड्डा चुकवला. "टाइम नाई सांगतला काय त्यानं?"

पोचलो तेव्हा चर्चमधल्या सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या. टिनाचं छप्पर, भिंतीवर अडकवलेली ढोलकी आणि दाराला कुलूप लावणाऱ्या राहेलबाई. मंडळीचं सगळं त्याच बघतात.

"झाली भक्ती," त्या म्हणाल्या. "लोकं कापूस वेचाले गेले. मलेबी जाचं आहे."

मी पिशवीतून उपदेश काढून दाखवला. विषय पाचारण, मुद्दे तीन. राहेलबाईंनी कागदांची जाडी बघितली.

"आमच्या यायले सांगा मंग. ते कुठी जाऊ शकत नाई."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान, योहानकाका. दिवाळीपासून त्यांचं डावं अंग गेलेलं. डॉक्टर म्हणाले होते, बोलता येईल, खाताही येईल. पण काका बोलत नव्हते, भाकरी दिसली की तोंड फिरवत होते. जबरदस्तीनं पाजलेल्या पेजेवर माणूस किती टिकणार? राहेलबाईंनी मला घरी नेलं आणि हे सांगितलं ते काकांच्या खाटेभोवती झाडू मारता मारता, माझ्याकडे न बघता. मग कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून त्या घरामागच्या शेतात गेल्या.

मी सुरुवात केली. पहिल्या मुद्द्याला काका छताकडे बघत होते. दुसऱ्याला त्यांनी मान भिंतीकडे वळवली. तिसरा मुद्दा मी भिंतीलाच सांगितला.

मुद्दे संपले. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून उशीर का झाला ते सांगू लागलो. डेपो, मिटलेले डोळे, ड्रायव्हरसाठी प्रार्थना, कंडक्टरसाठी प्रार्थना, टायरसाठी प्रार्थना. आणि 'आमेन' म्हणून बघतो तर समोर रिकामी जागा आणि तिथं एक बकरी.

काकांचा खांदा हलायला लागला. मग छाती. घशातून घरघर आली, डोळ्यांतून पाणी. माझ्या उपदेशानं माणूस चालला, एवढंच मला कळलं. मी अनवाणी शेतात धावलो आणि ओरडलो, "राहेलबाई, काका गेले!"

सगळी मंडळी धावत आली, कमरेच्या ओट्यांतून कापूस सांडत. सकाळी मला एकही श्रोता मिळाला नव्हता. आता सगळे एका खोलीत जमले होते. राहेलबाई सर्वांत पुढे, तोंड पांढरंफटक.

काका हसत होते. एका बाजूनं, पण हसत होते. राहेलबाईंकडे बघून ते अडखळत, जड जिभेनं म्हणाले, "भाकर आन. यालेबी दे. याची बस गेली."

राहेलबाई चुलीकडे गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्याच राहिल्या. मग भाकरी आणि पातळभाजी (पालक आणि हरभऱ्याची डाळ) आली. काकांनी चतकोर खाल्ली. बस का गेली ते तोवर मी सगळ्यांना सांगितलं होतं. जेवणाची प्रार्थना मी करू का, असं विचारलं, तेव्हा तीनचार जण एकदमच "नाई" म्हणाले.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून विचार केला. बायबलमधल्या मोशेची जीभ जड होती, तरी देवानं त्याला बोलावलं, असं मी पानभर लिहून नेलं होतं. माझी जीभ नको तितकी हलकी आहे. देवाला तीही कुठंतरी लागत असेल, फक्त मी निवडलेल्या जागी नाही. हे तीन मुद्द्यांत कुठंच नव्हतं.

एवढ्यात राहेलबाईंचा फोन आला.

"भाऊ, यायनं आताबी अर्धी भाकर खाल्ली. दोनदा इचारलं, तो बसवाला कधी येते म्हून. येत्या रविवारी येजा."

"उपदेश कोणता आणू?"

"तो पिशवीतच राहू द्या. रस्त्यानं काय चुकलं, ते सांगजा."

मी गंभीरपणे म्हणालो, "बाई, दर रविवारी मुद्दाम चुका करणं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मुद्दाम कायले करता?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकून आपोआपच होते."